फिटर म्हणजे कोण, हे ठरवतं कोण?

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही गल्लीत शिरा, एखाद्या तरी गेटवर पाटी दिसेल: 'पाहिजेत: फिटर, टर्नर, व्हीएमसी ऑपरेटर. आयटीआय किंवा अनुभवी.' पाटीवर पगार नसतो, कामाचे तास नसतात. 'फिटर' हा शब्द मात्र असा ठोकून लिहिलेला असतो, की त्याचा अर्थ सगळ्या जगाला ठाऊक असावा.

ती पाटी वाचून चार मुलं आत येतात. पहिल्याकडे आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आहे. दुसऱ्याने आयटीआयनंतर एका मोठ्या कारखान्यात वर्षभर अप्रेंटिसशिप केली, त्यामुळे त्याच्याकडे त्याचंही एक प्रमाणपत्र. तिसऱ्याने तीन-चार महिन्यांचा कोर्स केलाय, त्याच्या कागदावर 'स्किल इंडिया'चं चिन्ह आणि क्यूआर कोड. चौथ्याकडे कागदच नाही; आठ वर्षं काकाच्या वर्कशॉपमध्ये काढलीत, एवढंच. सुपरवायझर चौघांचं ऐकून घेतो, कागद टेबलावर ठेवतो आणि प्रत्येकाच्या हातात एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा, तुकडा, कानस आणि काटकोन तपासायचा गुण्या देतो. "दोन बाजू काटकोनात करून दाखव."

मीही अशा टेबलामागे बरीच वर्षं बसलोय आणि मीही कागद न वाचता बाजूला ठेवलेत. नंतर कधीतरी ते वाचायला लागलो. हे कागद बनतात कसे, त्यांच्यामागे कोणत्या संस्था आहेत आणि त्यांच्यावर विश्वास का बसत नाही, याचा माग काढताना जे हाती लागलं ते इथे मांडतो.

शॉपमधला एक साधा नियम आधी लक्षात ठेवू. ज्याने जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, बनवला, त्यानेच तो पास करायचा नाही. ऑपरेटर वेगळा, क्वालिटीवाला वेगळा. क्वालिटीवाल्याचं गेज, म्हणजे मोजायचं साधन, कॅलिब्रेट करणारा, म्हणजे ते बरोबर मोजतं का हे तपासणारा, आणखी वेगळा. माणसं घडवण्यातही हीच कामं असतात: माप कोणी ठरवायचं, शिकवायचं कोणी, तपासायचं कोणी, आणि पैसे कोणी मोजायचे. देश कुठलाही असो, कौशल्य प्रशिक्षणाची सगळी भांडणं या चार कामांच्या वाटणीवरून असतात.

आधी आयटीआयचं माप बघू, कारण ते सगळ्यांत जुनं. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची. सहा वर्षांनी, १९५६ मध्ये, तिच्यासाठी राष्ट्रीय परिषद आली. आपण जिला एनसीव्हीटी म्हणून ओळखतो ती हीच. महाराष्ट्रात सरकारी आयटीआय चारशेच्या वर आहेत आणि त्या चालवतं राज्याचं व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय, म्हणजे बोलीतलं 'डीव्हीईटी'. पण फिटरच्या अभ्यासक्रमात काय असावं हे मुंबईत ठरत नाही, ते केंद्र ठरवतं. अभ्यासक्रम लिहिण्याचं काम कोलकात्याच्या एका केंद्रीय संस्थेकडे आहे, आणि पुस्तकं चेन्नईची 'निमी' काढते, मराठीतही.

त्या अभ्यासक्रमात एक वाक्य आहे, ते मला फार आवडतं. सुरुवातीच्या कामांना, म्हणजे आखणी, करवत, छिन्नी, कानस, ड्रिलिंग, टॅपिंग यांना, अचूकता सांगितली आहे अधिक-उणे ०.२५ मिलिमीटर. पुढे सरकत्या, पायरीच्या, टी आकाराच्या जोडण्या येतात. एकाने बनवलेला तुकडा दुसऱ्याच्या तुकड्यात बसला पाहिजे, अशा. तिथे माप येतं अधिक-उणे ०.०४ मिलिमीटर आणि कोनात अर्धा अंश. माणसाच्या केसाची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर धरा, म्हणजे काय मागितलंय ते कळेल. हे खरं प्रशिक्षणाचं मानक. 'विद्यार्थ्याला फाइलिंगचं ज्ञान असावं' या वाक्याला मानक म्हणत नाहीत. काय करता आलं पाहिजे, कुठल्या अचूकतेने, आणि ते मोजता आलं पाहिजे, एवढं असेल तर ते मानक.

फिटरचा कोर्स दोन वर्षांचा. सध्याच्या रचनेत वर्षाला १२०० तास आणि त्यातले ८४० तास हाताने काम करण्याचे. उत्तीर्ण व्हायला प्रात्यक्षिकात ६० टक्के लागतात, थिअरीत ३३. दोन आकडे शेजारी ठेवले की ज्याने नियम केला त्याला काय म्हणायचं होतं ते दिसतं. कागदावर हे माप उत्तम आहे. घोडं अडतं ते पुढे. प्रात्यक्षिक परीक्षा त्याच संस्थेच्या वर्कशॉपमध्ये, त्याच व्हाइसवर होते. बाहेरचा परीक्षक येतो, पण ज्या आयटीआयत मिलिंग मशीन दोन वर्षं बंद आहे तिथे मिलिंगला शून्य द्यायची हिंमत तो कुठून आणणार? आणि शून्य द्यायचं तरी कोणाला, पोराला की मशीनला?

दुसऱ्या मुलाचा कागद वेगळ्या कायद्यातून येतो. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१. यामागचं कोडं सोपं आणि जुनं आहे. भोसरीतला कुठलाही छोटा मालक ते दोन वाक्यांत सांगेल: "मी पोरगं शिकवून तयार करतो. शेजारचा दोन हजार जास्त देऊन घेऊन जातो." मग शिकवायचं कोणी? प्रत्येक जण शेजाऱ्याची वाट बघतो आणि शेवटी कोणीच शिकवत नाही.

ब्रिटनने या कोड्यावर एक उपाय करून पाहिला होता. १९६४ च्या औद्योगिक प्रशिक्षण कायद्याने तिथे उद्योगवार मंडळं नेमली, त्यात इंजिनिअरिंगचंही एक. हे मंडळ त्या क्षेत्रातल्या कारखान्यांकडून वर्गणी घ्यायचं, म्हणजे सक्तीचा करच, आणि जो खरोखर माणसं शिकवतो त्याला त्यातून अनुदान द्यायचं. फुकट माणसं पळवणाऱ्याने निदान पैसे तरी मोजावेत, असा हिशेब. मंडळाने मापही ठरवलं: शिकाऊ मुलाचं पहिलं वर्ष उत्पादनापासून दूर, वेगळ्या वर्कशॉपमध्ये, मग पुढचे टप्पे मॉड्यूलप्रमाणे. मालकांना वर्गणी टोचायची, कागदपत्रं त्याहून जास्त. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंजिनिअरिंगचं हे वैधानिक मंडळ गेलं. त्या धाटणीची बांधकामाची आणि प्रकल्प-उभारणीच्या इंजिनिअरिंगची मंडळं मात्र टिकली. २०१७ मध्ये कर नव्या रूपात परत आला. वर्षाला तीस लाख पौंडांपेक्षा जास्त पगार वाटणाऱ्या कंपन्यांना पगाराच्या ०.५ टक्के अप्रेंटिसशिपसाठी द्यावे लागतात.

आपण कर लावला नाही, संख्या लावली. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. माणसं मोजताना कंत्राटीही धरायची. चार ते २९ माणसांच्या शॉपला सक्ती नाही, पण घेता येतात. विद्यावेतन त्याच नियमांत पाच ते नऊ हजारांच्या टप्प्यांत बांधलं. २०१६ पासूनच्या योजनेत केंद्र त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त दीड हजार, स्वतः देतं. २०१४ पूर्वी कायदा मोडणाऱ्या मालकाला तुरुंगवासाची तरतूद होती. ती काढली, दंड ठेवला. तुरुंगाच्या भीतीने लोक जास्त शिकाऊ घेत नव्हते, उलट शिकाऊ आहेत हेच दाखवत नव्हते, असं तेव्हाचे एक जुने एचआरवाले मला सांगायचे.

संख्या लावली की ती भरली जाते, हे खरं. पण भरली जाते कशाने? चाकण, रांजणगाव, वाळूज इथे काम केलेल्या कोणालाही 'नीम ट्रेनी' म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. नीम म्हणजे 'नॅशनल एम्प्लॉयबिलिटी एन्हान्समेंट मिशन', केंद्राच्या तांत्रिक शिक्षण परिषदेची (एआयसीटीई) २०१३ ची योजना. हेतू होता तरुणांना कामावर शिकवण्याचा. प्रत्यक्षात अनेक असेंब्ली लाइन ट्रेनींवर चालल्या. मुलगा दोन वर्षं एकच नट आवळायचा, आणि ती मुदत संपली की त्याच्या जागी नवा ट्रेनी. शिकाऊ म्हणायला माप हवं, परीक्षा हवी. इथे दोन्ही नव्हतं, फक्त 'शिकाऊ' हा शब्द होता, आणि त्या शब्दामुळे कामगार कायदे बाजूला ठेवता येत होते. पुढे परिषदेने ती योजना गुंडाळली. म्हणून कोणी 'ट्रेनी' म्हणून नेमणूकपत्र दिलं तर एकच प्रश्न विचारावा: शेवटी परीक्षा कोण घेणार? उत्तरात कंपनीबाहेरचं कोणी नसेल, तर ते प्रशिक्षण नाही, स्वस्त नोकरी आहे.

आता तिसऱ्या मुलाचा, क्यूआर कोडवाला कागद. त्याच्यामागे आहेत सेक्टर स्किल कौन्सिल, म्हणजे क्षेत्रवार कौशल्य परिषदा. त्यांना सगळे 'एसएससी' म्हणतात. महाराष्ट्रात त्यामुळे जो घोळ होतो तो मी डोळ्यांनी पाहिलाय: "एसएससी सर्टिफिकेट आणलंय का?" विचारल्यावर पोराने दहावीचं काढून दिलं.

२००८ मध्ये राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ निघालं. ५१ टक्के खासगी, ४९ टक्के सरकारी. त्याच्या पंखाखाली एकेका उद्योगाची परिषद उभी राहू लागली. कल्पना रास्त होती. आयटीआयचा अभ्यासक्रम सरकारी, बदलायला वर्षं लागतात. तर ज्याला माणूस हवा आहे त्या उद्योगानेच सांगावं की काय यायला हवं. वाहन उद्योगाची परिषद सर्वांत आधीच्या परिषदांपैकी एक. वाहन उत्पादक, सुटे भाग बनवणारे आणि डीलर अशा तिघांच्या संघटना तिच्या मागे आहेत. मशिन टूल, वेल्डिंग, फिटिंग ही कामं कॅपिटल गुड्सच्या परिषदेकडे. तिच्या उभारणीत उद्योजकांची संघटना फिक्की आणि केंद्राचं अवजड उद्योग खातं होतं.

या परिषदा 'ट्रेड' धरत नाहीत, 'जॉब रोल' धरतात. फरक मोठा आहे. फिटर हा ट्रेड: कानसेपासून हायड्रॉलिक्सपर्यंत. 'सीएनसी ऑपरेटर, टर्निंग' हा जॉब रोल: संगणकावर चालणाऱ्या एका प्रकारच्या मशीनवर, ठरलेल्या प्रोग्रॅमवर, ठरलेलं काम. 'सेटर-कम-ऑपरेटर' हा वेगळा रोल, त्याच्या वरचा. शॉपमध्येही आपण हेच करतो. जॉब चढवणारा-उतरवणारा वेगळा, आणि इन्सर्ट (कापणारं टोक) बदलून ऑफसेट (मापाची दुरुस्ती) देणारा वेगळा, पगारही वेगळा. एका जॉब रोलचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक मानक, आणि त्याच्यात बारीक निकष: काम सुरू करायच्या आधी ड्रॉइंगशी माप ताडतो का, कूलंट बघतो का, पहिला तुकडा तपासून घेतो का, बिघडलेला वेगळा ठेवून सांगतो का. त्याच्या जोडीला काय माहीत असायला हवं त्याची यादी. प्रत्येक निकषाला गुण. एका जॉब रोलची सगळी मानकं मिळून एक संच होतो; वाहनाचा संच असेल तर कोड 'एएससी'ने सुरू होतो, कॅपिटल गुड्सचा 'सीएससी'ने. कोडमध्ये पुढे क्यू असेल तर पूर्ण संच, एन असेल तर त्यातला एक तुकडा. हे सगळे संच राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत कोणालाही वाचायला मिळतात. मंजुरीही कायमची नसते. साधारण तीन वर्षांनी संच पुन्हा तपासायचा असतो. कोर्सला पैसे भरण्याआधी आपल्या कोर्सचा संच उघडून वाचावा. तासभर जाईल.

सगळ्या कागदांना एका शिडीवर बसवायचं म्हणून २०१३ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट आली. तेव्हा दहा पायऱ्या होत्या. २०२३ मध्ये आठ केल्या, मध्ये अडीच, साडेतीन अशा अर्ध्या पायऱ्या घालून. पायरी कशावरून ठरते? ज्ञान, हातचं कौशल्य वगैरे बरंच लिहिलंय, पण मला विचाराल तर एकच रकाना वाचावा: जबाबदारी. मूळ चौकटीत तिसऱ्या पायरीचा माणूस जवळच्या देखरेखीखाली काम करतो. चौथ्या पायरीचा स्वतःच्या कामाला जबाबदार. पाचव्याचा स्वतःच्या आणि थोडा दुसऱ्याच्या. सहाव्याचा दुसऱ्याच्या कामाला पूर्ण जबाबदार. हेल्पर, ऑपरेटर, सेटर, सुपरवायझर. शॉपमध्ये ही शिडी आधीपासून होतीच, तिला नंबर नव्हते इतकंच.

नंबरांचा घोळ मात्र झाला. फिटर ट्रेडच्या अभ्यासक्रमावर पूर्वी पाचवी पातळी छापलेली असायची, २०२२ च्या सुधारणेनंतर चौथी आली. मुलं कच्ची झाली नाहीत, पट्टी बदलली. पण दोन बॅचचे दोघे एका टेबलासमोर बसले की जुन्याचा आकडा मोठा दिसतो, आणि एचआरच्या संगणकाला पट्टी बदललेली कळत नाही.

याहून मोठा घोळ आपल्या शॉपच्या नियमाशी जोडलेला आहे. परिषदेने माप ठरवायचं, तिनेच केंद्रांना मान्यता द्यायची, तिच्याच यादीतल्या संस्थांनी परीक्षा घ्यायची, आणि प्रत्येक प्रमाणपत्रामागे शुल्क परिषदेकडे जमा व्हायचं. जितकी मुलं पास, तितकी आवक. ऑपरेटर, क्वालिटीवाला आणि गेज कॅलिब्रेट करणारा एकच माणूस, वर त्याला पीसरेट, म्हणजे नगामागे पैसे! २०१६ मध्ये नेमलेल्या शारदा प्रसाद समितीने हितसंबंधांच्या याच गुंत्यावर बोट ठेवलं आणि परिषदांची संख्या कमी करायला सांगितली. तोवर परिषदा इतक्या झाल्या होत्या की कुठलं काम कोणाचं हेच कळेना. वाहनाच्या कारखान्यातला वेल्डर वाहन परिषदेचा की कॅपिटल गुड्सचा?

मग एक पंच आला. एनसीव्हीईटी ही नियामक परिषद २०१८ च्या डिसेंबरमध्ये अधिसूचित झाली आणि २०२० च्या ऑगस्टपासून कामाला लागली. जुनी एनसीव्हीटी तिच्यात विरली. आता प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला वेगळी मान्यता आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेला वेगळी. कागदावर नियम पाळला गेला. पण दोन्ही कामं एकाच संस्थेने करायची मुभा देणारी एक वर्गवारीही ठेवली आहे. तिथे माझी भुवई अजून वरच आहे.

कोणता कागद चालतो, हे बघायचं असेल तर वेल्डरकडे बघा. बॉयलरच्या प्रेशर पार्टवर वेल्डिंग करायला 'आयबीआर वेल्डर', म्हणजे भारतीय बॉयलर नियमांनुसार पास झालेला वेल्डर, लागतो. ती परीक्षा राज्याच्या बाष्पके संचालनालयाच्या देखरेखीत होते. आसमे या अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेच्या संहितेनुसार काम असेल तर तिची वेगळी चाचणी. चाचणीतली '६जी' स्थिती म्हणजे पाइप ४५ अंशांत कललेला, घट्ट बांधलेला. पाइप फिरणार नाही, वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचं. जोड झाला की त्याचे तुकडे कापून वाकवतात, किंवा क्ष-किरणांनी आतलं बघतात. तुकडा बोलतो, परीक्षक नाही. आणि सहा महिने त्या पद्धतीने काम केलं नाही, तर आसमेची पात्रता संपते. आयटीआयचं प्रमाणपत्र मात्र चाळीस वर्षं कानसेला हात न लावता भिंतीवर लटकू शकतं. या कागदाला किंमत का? चुकला तर बॉयलर फुटतो, म्हणून कायदा मध्ये उभा आहे आणि विमा कंपनीही. गंमत म्हणजे आसमेची पात्रता साधारणपणे त्या कंपनीपुरतीच असते. नोकरी बदलली की बहुतेक वेळा पुन्हा चाचणी. सगळीकडे चालणारा कागद हे कौशल्य परिषदांचं स्वप्न, आणि सर्वांत विश्वासाचा कागद गेटबाहेर चालत नाही.

या विषयावर कोणी भाषण केलं की जर्मनीचं नाव निघतंच, म्हणून थोडक्यात. तिथे मुलगा आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत, बाकी कारखान्यात; औद्योगिक मेकॅनिकला साडेतीन वर्षं. कारखाना शिकवतो, पण परीक्षा उद्योग मंडळ घेतं, ज्याचं सदस्यत्व कंपन्यांना सक्तीचं आहे. परीक्षक समितीत मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने असावे लागतात, शिवाय व्यवसाय शाळेचा शिक्षक. आपण २०१६ पासून आयटीआयत दुहेरी प्रशिक्षण आणलं, पण ते कामगार प्रतिनिधीचं खुर्चीतलं स्थान आणलं नाही. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधला टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा त्या मुशीतला. तिथली मुलं गेटवर पाटी वाचत उभी नसतात.

राहिला चौथा मुलगा, काकाच्या वर्कशॉपमधला. त्याच्यासाठीही सरकारी कौशल्य योजनेत दार आहे: आधीच्या अनुभवाची ओळख, म्हणजे आरपीएल. थोडी उजळणी, मग मूल्यमापन, मग कागद. सुपरवायझरने दिलेला तुकडा बहुतेक वेळा त्याचाच सर्वांत सरस निघतो. गुण्या लावून उजेडाकडे धरला, तर फटीतून रेघही दिसत नाही. मग मी त्याच्यापुढे ड्रॉइंग ठेवतो. शाफ्टच्या व्यासाशेजारी 'एच ७' लिहिलेलं असतं, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल याची खूण. तो कागद फिरवतो, उलट बाजू बघतो आणि विचारतो, "साहेब, हे किती ठेवायचं ते तोंडी सांगा ना."